वारा फिरला म्हणून

आमच्या महाविद्यालयात वर्षभरात जे जे पाहुणे येतात, ते बहुतेक सगळे आम्हांला उडायला सांगून जातात. ‘झेप घ्या’, ‘गगनभरारी मारा’, ‘आकाश तुमचेच आहे’ असे म्हणतात, शाल-श्रीफळ स्वीकारतात आणि मोटारीत बसून जमिनीवरूनच परत जातात. यंदाच्या स्नेहसंमेलनात मी मागच्या रांगेत बसून मोजत होतो. एका पाहुण्यांनी पाऊण तासात ‘झेप’ हा शब्द सतरा वेळा उच्चारला. टाळ्या मीही वाजवल्या. पण या झेपेबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती मांडण्याचा थोडासा अधिकार मला आहे असे मी समजतो. कारण गेल्या नाताळच्या सुट्टीत मी खरोखरीच उडण्यासाठी एका डोंगराच्या धारेवर जाऊन उभा राहिलो होतो. आणि उडालो नाही.

हसू नका. वर्गातले मित्र हसून झाले आहेत.

उडण्याचे हे वेड मला कुठून लागले असे घरचे विचारतात. वास्तविक कुर्ल्याच्या मुलाला ते लागले नाही तरच नवल! आमच्या चाळीवरून विमाने इतकी खालून जातात की त्यांची चाके मोजता येतात, आणि बातम्यांतले महत्त्वाचे वाक्य नेमके त्याच वेळी बुडते. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरते आणि वाऱ्याला तोंड देऊनच उडते. समुद्राकडचा वारा असला की ती आमच्या डोक्यावरून पश्चिमेकडे उतरत जातात. एखाद्या दिवशी हे सगळे उलटे होते आणि चढत्या विमानांचा गडगडाट आमच्या पत्र्यांवर सुरू होतो. भूगोलाच्या पुस्तकात वारे यायच्या आधीच ते मला असे भेटले. दुसरे शिक्षण संक्रांतीच्या पतंगांनी दिले. तिसरे वडिलांनी दिले, पण ते शिक्षण आहे हे मला फार उशिरा कळले. माझे वडील उंच इमारतींना बाहेरून रंग लावण्याचे काम करतात. पूर्वी परांचीवर उभे राहून करीत, आता दोरांना टांगलेल्या झुल्यावर बसून करतात. सकाळी घराबाहेर पडले की आधी वर बघतात. मी लहानपणी समजत असे, देवाला नमस्कार करतात.

आता उडण्याविषयी. अमेरिकेतील फ्रान्सिस रोगॅलो नावाच्या अभियंत्याने १९४८ साली आपल्या पत्नीच्या मदतीने घरच्या स्वयंपाकघरातील पडद्याच्या कापडाचा एक मऊ पंखाचा पतंग तयार केला. त्या पतंगाच्या वंशात पुढे हँग ग्लायडर जन्माला आला. ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेला त्रिकोणी पंख, आणि त्याखाली पालथा लोंबकळणारा माणूस. आपल्याकडे मावळात, कामशेतच्या डोंगरांवर, बहुतेक दिसतात ते पॅराग्लायडर. त्यात नळ्या नसतात. नुसते कापड, पुष्कळ दोऱ्या आणि बसायला खुर्चीसारखा पट्टा. पण वाऱ्याच्या शाळेत दोघेही एकाच बाकावर बसतात.

कामशेतजवळच्या एका वाडीत माझे आजोळ आहे. माझा मामेभाऊ (आम्ही त्याला दादा म्हणतो) उडायला शिकवणाऱ्या एका सरांकडे मदतनीस आहे. मदतनीस म्हणजे काय, तर ओझे पाठीवर घेऊन डोंगर चढायचा, पंख पसरायचा, दोऱ्यांचा गुंता सोडवायचा आणि उडालेले पाहुणे खाली शेतात उतरले की पंख गुंडाळून पुन्हा वर न्यायचा. दुहेरी उड्डाणाला, म्हणजे पुढे पाहुणा आणि मागे वैमानिक अशा फेरीला, जे पैसे पडतात त्यात आमच्या घरचा महिन्याचा किराणा येतो. दादाने सरांना सांगून माझी एक फेरी फुकट ठरवली होती. पैसे भरलेले लोक संपले की शेवटी मी.

पहाटेच्या लोकलने कल्याण गाठले. तेथून पुण्याच्या गाडीच्या जनरल डब्यात दाराशी उभा राहून लोणावळा. कर्जतला गाडीला मागून इंजिने जोडतात आणि ती तिला घाट चढवतात. मला तेव्हा उगीचच बरे वाटले. आपल्यालाही असे मागून कोणी ढकलायला असते तर, असे मनात येऊन गेले. (हा विचार दिवस संपेपर्यंत पार उलटा होणार होता.) लोणावळ्याहून लोकलने मळवली आणि मग कामशेत. उजवीकडे लोहगड-विसापूर धुक्यात होते.

सकाळी वारा पूर्वेचा होता. डोंगराची जी बाजू वाऱ्याला तोंड देते तिथूनच उडायचे असते. समोरून आलेला वारा उताराला आपटून वर वळतो आणि पंखाला उचलून धरतो. तोच वारा पाठीमागून आला की तोच डोंगर वैरी होतो. माथ्यावरून पलीकडे पडताना हवेचे भोवरे होतात. पावसाळ्यात मिठी नदी पुलाच्या खांबावर आपटते तेव्हा खांबापुढे पाणी चढते आणि मागे गरगरते, हे ज्याने कुर्ल्याला पुलावर उभे राहून पाहिले आहे त्याला वेगळे समजवायला नको. फरक इतकाच की हवेचा भोवरा डोळ्यांना दिसत नाही.

तेव्हा त्या धारेवर लोक करतात काय? बसतात! हे मला कोणी सांगितले नव्हते. मला वाटले होते की धावायचे आणि उडी मारायची. प्रत्यक्षात आम्ही दहा-बाराजण वाळक्या गवतात बसून वारा बघत होतो. सरांच्या हातात मुठीएवढे, छोट्या पंख्याचे यंत्र होते. ते ते वर धरीत आणि आकडा मोठ्याने सांगत. १२. १४. ११. हे ताशी किलोमीटर. मग एकदम २७, आणि लगेच पुन्हा १३. ‘हे चांगले नाही,’ सर म्हणाले. ‘सलग २० परवडेल, पण हा आचका नको.’ वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे गणित त्यांनी मला तिथेच मातीत काडीने करून दाखवले. पॅराग्लायडरचा स्वतःचा वेग ताशी ३५-४० किलोमीटर. म्हणजे समोरून तेवढाच वारा आला की माणूस हवेत जागच्या जागी उभा. त्याहून अधिक आला की उलटा मागे, डोंगराच्या पाठीवर, त्या भोवऱ्यांत.

दहाच्या सुमारास दोन फेऱ्या झाल्या. मग वारा पडला. काठीला बांधलेली कापडी पिशवी, जिच्यावरून वाऱ्याची दिशा कळते, ती मेल्या मासोळीसारखी लोंबू लागली. माझ्या अंगावर तेव्हा पट्टे बांधून झाले होते, ते सोडले. तासाभराने पुन्हा बांधले. आम्ही उभे आहोत, दादाने पंख मागे पसरला आहे, आणि मी बघतो तो समोरचे गवत आमच्याकडे लवण्याऐवजी दरीकडे लवते आहे. म्हणजे वारा पाठीमागून. कोणी काही बोलायच्या आत सरांनी माझी बकले सोडली होती.

दुपारनंतर वारा पश्चिमेचा होईल असे दादाचे म्हणणे पडले. सगळे सामान जीपमध्ये घालून आम्ही दुसऱ्या, पश्चिमेकडे तोंड असलेल्या धारेवर गेलो. दादाचे खरे ठरले, पण तो वारा सरळ नव्हता. उन्हाने तापलेल्या खाचरांतून मधूनच एखादी वावटळ उठे आणि पाचोळा घेऊन वर चढे. दोन घारी पंख न हलवता गोल गोल फिरत उंच जात होत्या, आणि सर त्यांच्याकडे आपण परीक्षेच्या निकालाकडे बघतो तसे बघत होते.

पुण्याहून एक तरुण स्वतःचा पंख घेऊन आला होता. त्याला सरांची परवानगी नको होती. दोन आचक्यांमधला शांत क्षण पकडून तो धावला आणि सुटला. सुंदर सुटला, हे मला कबूल केले पाहिजे. माझ्या घशाशी काहीतरी आले. अर्ध्या मिनिटात त्याच्या पंखाची उजवी बाजू पिळलेल्या पंचासारखी गुंडाळली गेली. मग फाडकन आवाज होऊन ती पुन्हा उघडली. तो भाताच्या रिकाम्या खाचरात नीट उतरला, काहीही झाले नाही. संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो आमच्याशेजारी उभा होता. त्याला पेला धरता येईना, म्हणून त्याने तो बाकावर ठेवून वाकून चहा प्यायला. त्याला कोणी उपदेश केला नाही. त्याला तो नकोही होता.

तिसऱ्यांदा माझे पट्टे बांधले तेव्हा साडेचार झाले होते. दहा मिनिटे आम्ही उभे होतो. माझ्या पोटऱ्या थरथरत होत्या. भीतीने म्हणा, उत्सुकतेने म्हणा. शेवटी सर म्हणाले, ‘आज नाही.’ मुंबईहून आलेले पाचसहाजण होते, त्यांनी वाद घातला. इतक्या लांबून आलो, सुट्टी काढली, अमका तर उडाला. सरांनी पैसे परत घ्या किंवा पुढच्या रविवारी या, एवढेच सांगितले आणि पंखाची घडी घालायला बसले. मग आम्ही सगळे पायवाटेने डोंगर उतरलो. उतरताना पायाखाली नेहमीसारखीच माती होती.

त्या दिवसापासून मला एक वाटते. साडेचार वाजता, पैसे मोजलेल्या आणि रागावलेल्या माणसांसमोर ‘आज नाही’ म्हणणे, हे त्या डोंगरावर मी पाहिलेले सर्वांत धीराचे काम होते. पण अशा कामाला आमच्या भाषणांत शब्दच नाही. आहे तो ‘माघार’, आणि तो शिवीसारखा वापरतात.

उडण्याचा इतिहास ज्यांनी खरा लिहिला त्यांच्याकडे मात्र वारा पानोपानी आहे. जर्मनीतील ऑटो लिलिएंथाल याने १८९१ ते १८९६ या काळात काड्या आणि सुती कापडाच्या पंखांवर सुमारे दोन हजार वेळा उतारावरून तरंगून दाखवले. बर्लिनजवळ लिश्टरफेल्ड येथे त्याने १८९४ साली स्वतःसाठी १५ मीटर उंचीची एक टेकडी उभारून घेतली. ती त्याने शंकूच्या आकाराची केली. वारा कोणत्याही दिशेने आला तरी त्याला तोंड देऊन धावता यावे म्हणून! वारा आपल्यासाठी फिरणार नाही, तेव्हा डोंगरच चहूकडून सारखा करू, असा हा माणूस. तोही ९ ऑगस्ट १८९६ रोजी उडताना हवेत थबकला, कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. पण आकडे, कोष्टके आणि छायाचित्रे त्याने मागे ठेवली होती. राइट बंधू तीच पुढ्यात घेऊन बसले, आणि त्यांतले काही आकडे त्यांनी पुन्हा तपासूनही पाहिले.

आमच्याकडे काय आहे? १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवले ही कथा आहे. तिला भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ तपासला. त्यातील विमाने उडू शकणार नाहीत आणि तो ग्रंथही विसाव्या शतकातलाच आहे असे सांगितले. तरी जानेवारी २०१५ मध्ये, आमच्या कुर्ल्याला लागून असलेल्या कालिन्याच्या विद्यापीठात विज्ञान काँग्रेस भरली तेव्हा प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच. मला तळपद्यांची टिंगल करायची नाही. प्रयत्न करणारा माणूस मला आवडतो. मला खटकते ते हे, की त्या गोष्टीत वारा नाही. किती वेळा पडले, काय मोडले, कोणत्या दिवशी उडायचे रद्द केले, काही नाही. एकदम गगनभरारी. स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांची आणि या विमानांची जात एकच.

आता थोडे माझे. हे लिहावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. दहावीला बरे गुण पडले म्हणून सगळ्यांनी मला विज्ञान शाखेत घातले. चाळीतल्या काकांपासून मामापर्यंत सगळे मागून ढकलत होते, कर्जतच्या इंजिनांसारखे. बारावीला ५२ टक्के मिळाले. एक वर्ष घरी बसून खासगी क्लास लावायचा आणि पुन्हा परीक्षा द्यायची असे ठरत होते. क्लासच्या फीसाठी वडील कर्ज काढणार होते. फॉर्मवर सही सुद्धा करून झाली होती. मी नको म्हणालो आणि बी.ए.ला नाव घातले. मला वाचायला आवडत होते आणि रसायनशास्त्र कळत नव्हते, एवढेच कारण होते. ‘पोराने कच खाल्ली,’ असे चाळीत झाले. वडील काहीच बोलले नाहीत, आणि ते न बोलणे दीड वर्ष आमच्या दोघांच्या मध्ये बसून होते.

कामशेतच्या धारेवर ते गवत उलटे लवताना पाहिले तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की मी काही वावगे केले नव्हते. मागून येणारा वारा जोराचा असतो, पण तो उचलून धरणारा नसतो. हा विचार घेऊन मी मोठ्या ऐटीत कुर्ल्याला परतलो. रात्री साडेदहाला जेवायला बसलो. वडिलांनी विचारले, ‘उडालास?’

‘नाही. वारा फिरला.’

त्यांनी मान हलवली. भाकरी मोडली. थोड्या वेळाने म्हणाले, ‘मग दादाचा रोज?’

मी गप्प. दादाला फेरीमागे पैसे मिळतात हे मला माहीत होते. त्या दिवशी फेऱ्या दोनच झाल्या होत्या. ओझे मात्र त्याने दोन डोंगरांवर चढवले आणि उतरवले होते. त्यातले एकदा केवळ माझ्यासाठी. पाहुण्यांना पैसे परत मिळाले, सरांचे नाव राहिले, मला विचार करायला विषय मिळाला. माझी तर फेरीच फुकट होती. तेव्हा माझे गेले काय?

मग वडील बोलले, दीड वर्षात बोलले नव्हते इतके. तिसाव्या मजल्यावर झुला कसा हलतो. खालून मुकादमाला वारा कसा लागत नाही आणि वर का थांबलात म्हणून तो कसा ओरडतो. उतरले की अर्धा खाडा पडतो, म्हणून माणसे दोराला एक गाठ जास्त मारून वरच राहतात. त्यांच्या बरोबरचा एकजण असाच वर राहिला होता. त्याचे पुढे काय झाले ते त्यांनी सांगितले, पण ते मी इथे लिहिणार नाही.

तेव्हा माझी तक्रार आता थोडी बदलली आहे. साहस म्हणजे थांबणे, असे लिहून मी मोकळा झालो असतो तर तेही एक पाहुण्यांचेच भाषण झाले असते. थांबण्याला पैसे पडतात. आमच्या वर्गात असे मित्र आहेत की ज्यांचे एक वर्ष वाया गेले तर फीची सवलत जाईल, आणि घरचे म्हणतील, पुरे झाले शिक्षण. त्यांना ‘झेप घ्या’ म्हणणे सोपे आहे. ‘घाई करू नका, वारा बघा’ म्हणणेही तितकेच सोपे आहे. ज्या दिवशी वारा फिरेल त्या दिवसाचा रोज कोण भरणार, हे कोणीच सांगत नाही. गरीब विद्यार्थी निधीतून फक्त पास झालेल्यांनाच मदत का मिळावी? एका विषयात अडकलेल्याला, शाखा बदलणाऱ्याला, घरच्या आजारपणाने परीक्षेला न बसलेल्याला एक वर्ष सांभाळून घेता येईल असा काही नियम करता येणार नाही का? प्राध्यापक मंडळींनी यावर विचार करावा अशी माझी नम्र विनंती आहे. आणि पुढच्या स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून कोणाला बोलवायचे असा प्रश्न पडलाच, तर कामशेतच्या त्या सरांचा पत्ता दादाकडे आहे. ते बहुधा यायचे नाहीत. रविवारी वारा बघायचा असतो.

हा लेख अर्धा लिहून झाला होता तेव्हाची गोष्ट. वडील एक दिवस दुपारी दोन वाजताच घरी आले. आईने घाबरून विचारले, काय झाले? ‘वारा होता. उतरलो,’ ते म्हणाले. आणखी तिघे त्यांच्याबरोबर उतरले होते. हजेरी अर्धी मांडली गेली. त्यांनी हातावरचा रंग रॉकेलने पुसला, मोरीत जाऊन पाय धुतले आणि भिंतीला टेकून बसले. मी वही मिटली आणि चहाचे आधण ठेवले.